फक्त पाच टक्के

मी एक पॉड बोलतोय. व्हेपचा पॉड. माझ्या बोलण्यावर पटकन विश्वास ठेवू नका. मीही कुणावर ठेवत नाही, आणि ज्या घराची ही गोष्ट सांगतोय त्या घरात तर मुळीच ठेवला नाही.

बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा माझा देह. आत कापूस, एक बारीक तार आणि दोन मिलिलिटर द्रव. खाली बॅटरीची चपटी कांडी जोडायची आणि तोंडानं ओढायचं, की तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती ओढणाऱ्याच्या छातीत जाते. द्रवाला आंब्याचा वास आहे, जरासा पुदिना आहे, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप ते निकोटिन आहे. आंब्याचं म्हणाल, तर मी उभ्या जन्मात आंबा पाहिलेला नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. एका यंत्रानं द्रव भरला, दुसऱ्यानं टोपण दाबलं, तिसऱ्यानं अंगावर ठसठशीत '५%' छापलं. 'दोन मिली' मात्र बुडाशी, चष्मा लावूनही दिसू नये अशा अक्षरांत. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. एक आकडा ओरडून सांगायचा आणि दुसरा पुटपुटायचा, म्हणजे यात काहीतरी गोम असणार. शिवाय ते पाच तरी खरंच पाच होते का? मी शपथेवर सांगणार नाही. स्वतःच्या पोटात किती विष आहे हे ज्याला लेबल वाचून कळतं, त्यानं शपथ कसली घ्यायची!

खोक्यावर इशारा मोठा होता, हे कबूल केलं पाहिजे. यात निकोटिन आहे, त्याचं व्यसन लागतं, असं काळ्या अक्षरांत लिहिलं होतं. पण खोकं दुकानाबाहेरच्या डब्यात पडतं आणि मी खिशात जातो.

मला विकत घेतलं सुमंतनं. वय त्रेचाळीस, मूळचा नागपूरचा, आता टेक्ससमधल्या फ्रिस्कोत सॉफ्टवेअरची नोकरी. आमचं दुकान देशी किराण्याच्या शेजारी होतं. सुमंत आधी किराण्यात जाऊन कोथिंबिरीची जुडी घ्यायचा आणि मग आमच्याकडे शिरायचा. घरी जाताना हातात कोथिंबीर असली की कुठे गेला होतास हे कुणी विचारत नाही. त्या घरात कोथिंबीर कधी कमी पडली नाही, यातच काय ते समजा.

"स्ट्राँग नको हां, यार," तो दुकानदाराला म्हणाला.

"अरे, फक्त फाइव्ह परसेंट आहे, बॉस."

झालं, सुमंतचं समाधान झालं. टक्के म्हटले की या माणसांना मार्कशीट आठवते. पाच टक्के म्हणजे नापासांतही शेवटचा, असल्याला कोण घाबरतो? दोन वर्षांपूर्वी त्यानं दिवसाच्या पाच सिगरेटी सोडल्या होत्या, आणि बायकोनं, मृणालिनीनं, त्या आनंदात मित्रमंडळींना जेवायला बोलावलं होतं. तेव्हापासून तो स्वतःला सुटलेला माणूस समजत होता. माझ्यातलं निकोटिन क्षाराच्या रूपात असतं, त्यामुळे घशाला बोचत नाही. बोचत नाही म्हणून हलकं वाटतं, आणि हलकं वाटतं म्हणून माणूस ओढतच राहतो. सुमंत एक पॉड दोन दिवसांत संपवायचा.

आता दसऱ्याचं सांगतो. सुमंतची आई, सुवर्णाआजी, सहा महिन्यांसाठी नागपूरहून आली होती. दसऱ्याला अवजारांची पूजा करायची, हे तिनं इथेही सोडलं नव्हतं. या घरात ना कोयता ना नांगर, म्हणून तिनं पाटावर तीन लॅपटॉप मांडले, गाडीच्या किल्ल्या ठेवल्या, नात अनयाचा रोबोटिक्सचा स्क्रू ड्रायव्हरांचा डबा ठेवला. गॅरेजच्या दाराशी एका वाडग्यात अनयाचे पेन ड्राइव्ह पडलेले असत. आजीनं ते सगळे उचलले, आणि त्यांच्यात मीही होतो. सकाळी कुणाची तरी चाहूल लागली म्हणून सुमंतनं मला घाईघाईनं त्या वाडग्यात टाकलं होतं.

आजीनं मला हळद लावली, कुंकू लावलं, वर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि डोळे मिटून हात जोडले. सांगायला लाज वाटते, पण मला त्या क्षणी पळून जावंसं वाटलं. ज्याची पूजा चालली आहे त्याला आपण काय आहोत हे माहीत असणं फार वाईट.

अनया शाळेतून आली. पंधरा वर्षांची, उंच, बोलता बोलता इंग्रजीत घुसणारी. पाटाकडे पाहिलं आणि ती खो खो हसत सुटली.

"ओ माय गॉड, आजी! पूजेत व्हेप?"

"काय ठेवलं?" मृणालिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"व्हेप, आई. तो लाल. दॅट्स नॉट अ पेन ड्राइव्ह."

मृणालिनी लेकीकडे पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, "तुला कसं माहीत?"

अनयाचं हसू तिथल्या तिथे विरलं. "सगळ्यांनाच माहीत असतं. शाळेत बाथरूमच्या दारावर पोस्टर्स आहेत, आई!"

"आणि तुझ्या पेन ड्राइव्हांच्या वाडग्यात कसा आला?"

सुमंत तिथेच उभा होता. मृणालिनीनं मला त्याच्या हातात दिलं. रोज दोनशेदा हातात धरलेल्या मला त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहावं तसं उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "शाळेतल्या कुणीतरी दिला असेल गं. या वयात होतं असं. तू तिला रागवू नकोस."

लेबलं खोटं बोलतात हे मला ठाऊक होतं. पण इतक्या मायेनं खोटं बोलणारं लेबल मी तोवर पाहिलं नव्हतं. मला त्याची भयंकर चीड आली. अनयानं बापाकडे पाहिलं.

मृणालिनीनं मला झिपच्या पिशवीत घालून फ्रिजवरच्या कपाटात ठेवलं, पुरावा म्हणून. त्या दिवसापासून घरात नाकांचं राज्य सुरू झालं. आई लेकीच्या हुडीचा वास घ्यायची, दप्तर उपसायची, केसांत नाक खुपसून माया करायची आणि त्या मायेतही हुंगायची. शुक्रवारी तिनं रोबोटिक्सच्या कोचला मेल केला: अनयाकडे व्हेप सापडला आहे, काळजी वाटते. पुढच्या शनिवारी ह्यूस्टनला स्पर्धा होती आणि टीमचा रोबो अनया चालवणार होती. कोचचं तासाभरात उत्तर आलं. अनया जाणार नाही, तिची जागा दुसऱ्याला दिली आहे. पोरगी खोलीत जाऊन दार लावून बसली. सुमंतनं बंद दाराबाहेर जाऊन विचारलं, "बेटा, पिझ्झा मागवू?"

शनिवारी दुपारी घरात कुणी नसताना अनयानं स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं. माझा संशय लगेच जागा झाला. म्हटलं, हिलाही मोह पडला! पण तिनं मला मेलेल्या झुरळासारखं टिश्यूत धरलं, फोननं माझ्या बुडाचा फोटो काढला, तो मोठा करून वाचला, आणि एका जाहिरातीच्या पाकिटाच्या मागे काहीतरी लिहीत बसली.

रविवारी आजीनं गोळाभात केला होता. जेवण झाल्या झाल्या सुमंत उठला. "गाडीत चार्जर राहिला वाटतं."

"काऊन रे सुमंत," आजी ताटातलं लिंबू पिळत म्हणाली, "चार दिवसांत सात वेळा राहिला तुझा चार्जर. तुझे बाबा तंबाखूचा खर्रा खायला जायचे ना, ते बी असंच काही ना काही राहिलं म्हणायचे. आणि ऑक्टोबरात तुझ्या गाडीत आंब्याचा वास कसा येतो, ते सांग."

सुमंत दाराशी थबकला. अनयानं खिशातून ते हिशेबाचं पाकीट आणि माझी झिपची पिशवी काढून टेबलावर ठेवली.

"फाइव्ह परसेंट म्हणजे एका मिलीत फिफ्टी मिलिग्रॅम," ती कुणाकडेच न पाहता म्हणाली. "यात दोन मिली. म्हणजे हंड्रेड. एका सिगरेटमधून बॉडीत साधारण एक-दीड जातं. अर्धं हवेत गेलं असं धरलं, तरी एका पॉडमध्ये पस्तीस-चाळीस सिगरेटी आहेत."

"काहीतरीच काय! पाच टक्केच तर असतं त्यात," सुमंत उसळून म्हणाला. "आणि एक पॉड दोन दिवस पुरतो!"

बोलून गेल्यावर त्याला कळलं. टेबलाभोवती तिघींचे हात थांबले. मृणालिनीच्या चेहऱ्यावर आधी राग आला नाही. आधी आली ती लाज, लेकीचे केस हुंगल्याची. मग राग आला.

"दिवसाला वीस," ती म्हणाली. "पाच सोडल्यास म्हणून मी लोकांना जेवू घातलं, सुमंत."

तो खुर्चीवर बसला. खरंच हिशेब माहीत नव्हता त्याला. दिवसभर कोडमधल्या चुका शोधणाऱ्या माणसानं दोन आकड्यांचा गुणाकार कधी केला नव्हता, कारण उत्तर नको होतं. "सॉरी, बेटा," तो म्हणाला. "मी आजपासून सोडतो हे."

"व्हेपचं जाऊ दे, बाबा." अनया म्हणाली. "मला दसऱ्यालाच डाउट आला होता. तू स्वतः सांगशील म्हणून मी वेट करत होते. तू म्हणालास ते माझं आहे. माझ्यासमोर म्हणालास."

सुमंत रडला. आजीनं त्याला जवळ घेतलं नाही, ताटं उचलायला लागली.

मृणालिनीनं लॅपटॉप आणून त्याच्यापुढे ठेवला. "कोचला लिही."

त्यानं लिहायला घेतलं. 'आमच्या घरात थोडा गैरसमज झाला होता,' असं काहीतरी इंग्रजीत. अनयानं मागून वाचलं. "नो. गैरसमज नाही झाला." त्यानं ते खोडलं आणि 'तो व्हेप अनयाचा नव्हता' असं लिहिलं. ती मागे उभीच राहिली. मी पिशवीतून पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, हा नाही लिहायचा. हा माझ्याच जातीचा, खरं ते बुडाशी बारीक अक्षरांत छापणारा. मग त्यानं तेही खोडून लिहिलं: 'तो व्हेप माझा आहे. मला माहीत असून मी गप्प राहिलो आणि मुलीवर आळ येऊ दिला.' आणि पाठवून टाकलं.

कोचनं माफी मागितली, पण नावं पुढे गेली होती. अनयाची ह्यूस्टनची जागा काही परत मिळाली नाही.

आज शनिवार. टीम ह्यूस्टनला आहे आणि मी गाडीत आहे, त्याच झिपच्या पिशवीत. सोबत माझे दोन भाऊबंद आहेत, सुमंतनं स्टेपनीखालून स्वतःच्या हातानं काढून आणलेले. आम्हाला साध्या कचऱ्यात टाकत नाहीत. रंगाचे डबे, कीटकनाशकं आणि जुन्या बॅटऱ्या जिथे घेतात, तिथे आमची रवानगी आहे. शोभतो तो शेजार आम्हाला. गाडी अनया चालवतेय, शिकाऊ परवान्यावर. शेजारी सुमंत. सवय हळूहळू तुटावी म्हणून डॉक्टरांनी त्याला दंडावर लावायच्या निकोटिनच्या पट्ट्या दिल्या आहेत. त्यांच्यावरचे मिलिग्रॅम त्यानं आधी स्वतः वाचले, मग तिला वाचायला दिले.

जाता जाता तुम्हाला एवढंच सांगतो. माझ्यासारखा कुणी हाती लागला तर टक्क्यांवर जाऊ नका. बुडाशी किती मिली लिहिलंय ते शोधा आणि गुणाकार करा. त्याहून बरं म्हणजे मला हातच लावू नका. आणि घरातलं माणूस फार मायेनं बोलायला लागलं, तर त्याच्याकडेही एकदा नीट पाहा.

गाडी थांबलीय. अनयानं चावी काढली, पण ती उतरत नाही.

"खिसे दाखव, बाबा," ती म्हणते.

मला वाटलं, आता हा चिडणार. बाप आहे शेवटी. पण सुमंत खाली उतरतो, भर उन्हात, लोकांदेखत पँटचे दोन्ही खिसे उलटे करतो, आणि तिचं पाहून होईपर्यंत तसाच उभा राहतो.