सीटवरची पोती

माझा जावई डेल्मर कोपऱ्यापर्यंत जरी माझी गाडी घेऊन गेला, तरी परत येताना सीट पार मागे सरकवून ठेवतो. मग मी बसले की माझे पाय हवेत. दहादा सांगून झालं. "हो मॅम," म्हणतो, आणि पुन्हा तेच.

गाडी म्हणजे सत्तर सालची शेव्हेल. माझा नवरा होबर्ट गेला तेव्हापासून ती मीच चालवते. इंजिन राक्षसाचं, पण खालचा सांगाडा जुन्या पलंगासारखा. आमच्या टेनेसीच्या डोंगरात सरळ रस्ता कुठला आलाय? उन्हाळ्यात चर्चखालच्या वळणावर ती अशी कलली की समोरून येणाऱ्या लाकडाच्या ट्रकला घासता घासता वाचले. झालं. माझी लेक वँडा रडायला लागली, आई, आता किल्ली ठेव म्हणून. मी म्हटलं, किल्ली माझ्याबरोबर पुरा.

तेव्हा हा डेल्मर मध्ये पडला. म्हणाला, स्प्रिंगा बदलतो, शॉकअप बदलतो, पुढे जाड आडवा दांडा टाकतो, म्हणजे वळणावर कलणार नाही. मग नव्वदीपर्यंत चालवा. लोण्यासारखं बोलत होता. मी भुलले. पानं गळेपर्यंत त्याला रोज घरची, मऊ पावासारखी बिस्किटं आणि वर ग्रेव्ही वाढली. खायचाही बैलासारखा.

काल सकाळी कोंबड्या ओरडत होत्या, आणि बघते तर दाण्याची पोती गायब. शोधत शोधत जुन्या गोठ्यात गेले. गाडीच्या चारी चाकांखाली एकेक वजनकाटा, आणि माझ्या सीटवर माझी पोती. पाच. वरून पट्टासुद्धा बांधलेला, पाहुण्याला बसवावं तसा.

डेल्मर गाडीखालून सरपटत बाहेर आला. पोत्यांचं विचारलं तर मोठ्या हौसेने समजावायला लागला. स्प्रिंगखालची चकती फिरवून चारी कोपऱ्यांवरचा भार जुळवायचा असतो, आणि तेव्हा चालवणाऱ्याचं वजन सीटवर असावंच लागतं. नाहीतर गाडी डावीकडे एका तऱ्हेने वळते, उजवीकडे दुसऱ्याच.

मी पोत्यांकडे बघितलं. मग त्याच्या पोटाकडे. मी नखशिखांत भिजले तरी वजनात दोन पोत्यांएवढी भरायची नाही.

"चालवणारा कोण?" मी विचारलं.

तो हात पुसत बसला. वँडा दारात आली होती; तिने मान खाली घातली. शेवटी तोच म्हणाला, मॅम, आम्ही दोघांनी ठरवलंय, थंडी संपली की तुम्हाला जिथे जायचं तिथे मीच नेईन. आणि वर हसला.

मी पट्टा सोडला. एकेक करत पाचही पोती ओढून त्याच्या पायाशी टाकली. सीट पुढे घेतली आणि आत बसले. काट्यांवरचे आकडे सगळे हलले.

"बघ काय दिसतंय ते," मी म्हटलं. "ती पोती कोंबड्यांकडे परत ने आणि चकत्या माझ्या वजनावर जुळव. मी इथून उठणार नाही. काम झालं की किल्ली या हातात द्यायची आणि घरी पायी जायचं. माझ्या जिवंतपणी माझ्या जागी स्वतःला तोलून बघतोस, डेल्मर, तर या सीटवर तू पुन्हा बसायचं नाहीस. सरकवायलासुद्धा नाही."