धुतलेली गाडी

पारूने कंटोळ्यांची टोपली गाडीत चढवली, पदर कमरेला खोचला आणि पिकअपच्या मागच्या फाळक्याला दोन्ही हात लावले. तिच्या शेजारी रूपा, भामा आणि वाडीवरच्या आणखी तिघी येऊन उभ्या राहिल्या. गेल्या पंधरा दिवसांत कुणी कुठे उभं राहायचं हे ठरूनच गेलं होतं.

केबिनमध्ये कमळाकरने चावी फिरवली. बॉनेटखाली एकदा टक झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा नुसतं टक.

"दादा, तुमची टकटक झाली असंल तर सांगा," पारू मागून म्हणाली. "आमी भाजी इकायला निघालोय. गाडी ढकलायची हाय हे म्हाईत असतं तर जेवून आलो असतो."

सगळ्या हसल्या. कमळाकरने क्लच दाबून दुसरा गिअर टाकला आणि खिडकीतून हात हलवला. अंगणापासून रस्त्यापर्यंत उतार होता. सहा जणींनी जोर लावला, गाडी घरंगळली, आणि क्लच सोडताच एक आचका देऊन इंजिन सुरू झालं. ते पुन्हा बंद पडू नये म्हणून तो रेस देत थांबला. धापा टाकत, एकमेकींना ओढत बायका मागे चढल्या आणि डोक्यावर प्लास्टिक धरून बसल्या. पुढची सीट रिकामीच राहिली. पाऊस असला तरी तिथे आता कुणी बसत नसे.

ती जागा कमळाकरच्या बायकोची, वेणूची. या बायका डोक्यावर ओझं घेऊन डोंगर उतरतात आणि आपली गाडी पनवेलच्या बाजाराला अर्धी रिकामी जाते, हे बारा वर्षांपूर्वी तिलाच खुपलं होतं. तेव्हापासून पावसाळ्यात पहाटे वाडीवरच्या बायका कमळाकरच्या अंगणात जमत. वेणू आपली शिराळी घेऊन पुढे बसायची आणि बाजार येईपर्यंत मागच्या खिडकीतून त्यांच्याशी बोलत राहायची. होळीच्या आधी ती गेली. गाडी आणि बायका राहिल्या.

आता गाडीचंही काही खरं नव्हतं. मुलगा प्रणित द्रोणागिरीला गोदामात कामाला होता आणि बायको अंकिताबरोबर विचुंब्याला राहायचा. बायका रोज भर पावसात गाडी ढकलतात हे त्याच्या कानावर गेलं होतं. एखादी घसरून चाकाखाली गेली तर काय, असं त्याने विचारलं होतं. आज पाच वाजता प्रणित भंगारवाल्याला घेऊन येणार होता. भर पावसात नुसत्या चावीने चालू झाली तर गाडी राहील, नाहीतर जाईल, असं ठरलं होतं. गाडी गेली तर पहाटे पाचला उठायचं कशासाठी, हे कमळाकरला कळत नव्हतं. पण ते काही त्याने प्रणितला सांगितलं नव्हतं.

बायकांना बाजारात उतरवून तो धनेशच्या गॅरेजला गेला. आधीच्या एका मेकॅनिकने बॅटरी बदलली होती, दुसऱ्याने सेल्फ स्टार्टर गेला म्हणून हात झटकले होते. धनेशने पान्याला हातच लावला नाही. त्याने आधी सगळं विचारून घेतलं. सकाळी चालू होत नाही, दुपारी उघडीप मिळाली की होते, आणि होळीपासून पावसापर्यंत काहीच त्रास नव्हता, हे कळल्यावर त्याने हेडलाइट लावायला सांगितले आणि समोर जाऊन उभा राहिला. कमळाकरने चावी फिरवली. टक झालं. दिवे जराही मंदावले नाहीत.

"बॅटरीत दम आहे," धनेश म्हणाला. "सेल्फपर्यंत पोचत नाहीये."

त्याने एक जाड वायर आणली, एक टोक बॅटरीला आणि दुसरं थेट इंजिनच्या अंगाला लावून धरलं, आणि पुन्हा चावी मारायला सांगितली. गाडी लगेच धडधडली. सेल्फ ठणठणीत होता. बॅटरीपासून इंजिनला जाणारी अर्थिंगची वायर मात्र टोकाशी हिरवी पडली होती. धनेशने चिमटीत धरली तर तिचा भुगा झाला. नवी वायर बसवून, खालचा गंज घासता घासता तो थांबला. इंजिनच्या खाचेतला पांढरा थर त्याने नखाने खरवडला आणि नाकाशी नेला.

"काका, ही कपड्यांची पावडर आहे."

कमळाकर केबिनमधून खाली उतरला.

"इंजिन धुता की काय?"

"धुतो."

"कधी?"

"रोज संध्याकाळी. पाइपने."

धनेशने हातातला ब्रश खाली ठेवला. वीस वर्षं ही गाडी पावसात भिजतेय, पावसाने तिचं काही बिघडलं नाही, असं तो म्हणाला. बॉनेट उघडून आत साबणाचं पाणी मारायचं, उन्हाळ्यात ते वाळून जातं, पावसाळ्यात कशाला वाळेल? धुवायचीच असेल तर वरून धुवा, तीही महिन्यातून एकदा.

"रोज धुवायला सांगितलं कुणी तुम्हाला?"

"बायकोने."

"मग काकूंना माझं नाव सांगा. म्हणावं, धनेश नको म्हणतो."

"सांगतो," कमळाकर म्हणाला, आणि त्याला हसू आलं. आधी नुसतं ओठांत, मग खांदे हलायला लागले. धनेशही काही न कळता हसला.

वीस वर्षं वेणू गाडी धुवा म्हणून मागे लागली होती आणि वीस वर्षं त्याने ते उद्यावर ढकललं होतं. दवाखान्यातही शेवटच्या संध्याकाळी तिने तेच विचारलं होतं आणि त्याने तेच उत्तर दिलं होतं. तेरावं झालं त्या दिवशी त्याने पहिल्यांदा पाइप हातात घेतला. तेव्हापासून एक दिवस चुकवला नव्हता.

दुपारी बायकांना घेऊन तो परतला आणि गाडी मुद्दाम उघड्यावर लावली. पावसाने जी झोड लावली ती थांबेना. बायका पडवीत अडकून पडल्या. पाच वाजता प्रणित छत्री घेऊन आला. मागे भंगारवाला टेम्पो घेऊन उभा राहिला.

कमळाकर केबिनमध्ये चढला. कुणी काही न सांगता सहाही जणी भिजत मागे जाऊन आपापल्या जागी उभ्या राहिल्या. पारूने पदर खोचून सगळा भार फाळक्यावर टाकला.

कमळाकरने डोळे मिटून चावी फिरवली.

गाडी सुरू झाली आणि त्या भरात हलली. जोर लावून उभी असलेली पारू पुढे झेपावली ती सरळ चिखलात, हातापायांवर. मग रूपा हसली, भामा हसली, टेम्पोतला भंगारवाला हसला. प्रणितने छत्री टाकून पारूला उठवलं.

"सांगायचं तरी, चालू होनार हाय म्हणून," पारू त्याच्यावरच डाफरली.

भंगारवाला टेम्पो वळवून निघून गेला. प्रणितने बॉनेटवर दोनदा थापटलं. आता अंकिताला रविवारी बाजारात न्याल ना, तिला या बायकांची कंटोळी हवीत, एवढंच म्हणाला.

वाडीच्या पायवाटेवरचा पऱ्ह्या भरून वाहत होता, म्हणून बायकांना डोंगराच्या पायथ्याशी सोडायचं ठरलं. मागे जागा होती. पण पारू पुढच्या दाराशी घुटमळली.

"वयनीच्या जागेवर बसू का? पाय चिखलाचे हायत."

कमळाकरने आतून दार उघडलं.

परत आला तेव्हा पाऊस ओसरला होता आणि अजून उजेड होता. सवयीने त्याने नळ सोडला आणि पाइप घेऊन गाडीपाशी गेला. पुढच्या सीटखाली पायपुसण्यावर तांबड्या चिखलाची दोन पावलं उमटली होती, पाचही बोटं मोजता येतील अशी. पाइपमधलं पाणी त्याच्या चपलांवर सांडत राहिलं.

मग त्याने नळ बंद केला, पाइप गुंडाळून खुंटीला लावला आणि पायरी चढताना स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून म्हणाला,

"उद्या धुतो गं."