अंदाज मागे घेण्यात येत आहे

जालन्यात राहून पुराचा अंदाज सांगणारा माणूस लग्नकार्यात जरा जपून बोलतो. सोमेश्वर गाडेकरांना कुणी 'काय काम असतं?' असं विचारलं, की ते 'पाण्याच्या खात्यात' एवढंच सांगत. कारण खरं सांगितलं की समोरचा ठरलेलं वाक्य बोलायचा: "अगोदर पाणी तर येऊ द्या साहेब." उन्हाळ्यात टँकर मोजणाऱ्या जिल्ह्यात यावर उत्तर नसतं.

तरी शासनानं पूर अंदाज कक्ष काढला होता आणि सोमेश्वर त्याचे प्रमुख होते. कक्षात दोन संगणक, चार माणसं आणि गळणाऱ्या छताखाली ठेवलेली एक बादली होती. नद्यांवर खांब उभे करून त्यांवर यंत्रं बसवली होती; यंत्रं पाण्याची उंची पाठवत आणि संगणकावर तिची रेघ उमटे. भोकरदनकडच्या केळना नदीवरचा खांब एका म्हशीला पाठ घासायला फार सोयीचा वाटला, हे मागच्या महिन्यात कळलं. खांब कलला, यंत्र भलतंच बघू लागलं, आणि कोरडी नदी संगणकावर पुलाला टेकली. लाल इशारा गेला. पाणी आलं नाही. म्हशीवर कारवाई करता येत नसल्यामुळे खुलासा सोमेश्वरांकडून मागवण्यात आला.

खुलाशाचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते आईचं. उषाबाई त्याच नदीकाठच्या पिंपळवाडीत राहायच्या. वर्षातला पहिला पूर आला की गावातल्या बायका फरशी पुलावर जाऊन नदीची ओटी भरत: खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. मुलाचा इशारा आला म्हणून त्या सगळ्यांना घेऊन गेल्या आणि वाळूकडं बघत उन्हात उभ्या राहिल्या. तेव्हापासून गावात त्यांना 'म्हशीची माय' म्हणत.

आज मात्र खांब सरळ होता. सिल्लोडच्या डोंगरात सकाळपासून पाऊस कोसळत होता, आणि संगणकावरची रेघ जिना चढावा तशी चढत होती. सोमेश्वरांनी वरच्या गावातल्या तलाठ्याला फोन करून खात्री केली. तलाठी म्हणाला, "साहेब, नदी न्हाई, लोंढाच येऊन राह्यला." कक्षाच्या अभियंता आकांक्षा पवार यांनी लाल इशारा पाठवला. नदीपात्रापासून दूर राहावे, असं त्यात ठळक लिहिलं होतं.

तासाभरानं सोमेश्वरांनी पिंपळवाडीच्या पोलीस पाटलाला, म्हणजे चुलतभाऊ कल्याणला फोन लावला. मागून हलगीचा आवाज येत होता.

"कल्याण, पुलावर कुणी न्हाई ना?"

"कोण न्हाई ते विचार दादा. सगळं गाव हाय. भज्याचा गाडाबी आलाय."

"अरे, दूर राहा म्हणून सांगितलंय ना?"

"पात्रापासून दूर राहा म्हणलंय. पात्रात कोणीच न्हाई. बराबर पुलावर उभे हायेत सगळे."

तो पूल म्हणजे नदीवर टाकलेली एक सिमेंटची फरशी होती, कठडा नसलेली. लोंढा आला की तिच्यावरून माणसाच्या छातीएवढं पाणी जाणार होतं.

"हाकल त्यांना."

"हाकललं. काकू म्हणल्या, माझ्या सोम्यानं पाणी येणार म्हणून सांगितलंय, मी ओटी भरल्याबिगर हालणार न्हाई. मागच्या टायमाला लई हसले होते, आता बघू द्या म्हणल्या."

"आईला फोन दे."

"त्या पार मधी हायेत पुलाच्या. गौतमचंद शेठनं नारळाचं पोतं तिथंच लावलंय. इशारा आला की शेठ आधी नारळ भरतात दादा. तुझ्यावर गावात त्यांचाच काय तो पक्का भरोसा हाय."

सोमेश्वरांनी भोकरदनला पोलिसांकडं फोन लावला. चतुर्थी होती; निम्मं ठाणं राजूरच्या गणपतीला बंदोबस्तावर होतं. गाडी निघतेय म्हणाले. निघणं आणि पोचणं यांत काय अंतर असतं, हे सोमेश्वर स्वतः सरकारात असल्यानं जाणून होते.

"सर," आकांक्षा म्हणाल्या, "रेघ अजून चढतेय. पिंपळवाडीला पोचायला फार वेळ न्हाई लागणार."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा अंदाज लोकांनी मनापासून ऐकला होता, आणि म्हणूनच सगळं गाव पुलावर उभं होतं. त्यांनी पुन्हा कल्याणला फोन लावला.

"मंदिराचा भोंगा चालू कर. सांग, जालन्याहून साहेबाचा फोन आल्ता. पाणी येणार न्हाई. पुन्हा म्हशीनं पाठ घासली."

"खरंच घासली?"

"तू सांग तर."

"दादा, तुझी लई बेइज्जती होईल. काकूची तर..."

"जल्दी कर."

फोन चालूच राहिला. आधी भोंग्याची शीळ, मग कल्याणचा सरकारी आवाज, आणि मग हसू. सगळ्या गावाचं हसू. कुणीतरी म्हणालं, "म्हशीलाच साहेब करा." भज्यांचा गाडा सगळ्यांत आधी हलला, त्याच्यामागं माणसं. मग कल्याण हळू आवाजात म्हणाला, "दादा, सगळे निघाले. काकू एकट्याच उभ्या हायेत."

"आईला म्हण, सोम्या म्हणतो, मी चुकलो."

हलगी दूर जाताना ऐकू आली. "आल्या," कल्याण म्हणाला. "पण कोणासंग बोलून न्हाई राह्यल्या."

शेवटचा माणूस चढणीला लागला तोच लोंढा आला. पुलावरून गेला, गौतमचंद शेठचं पोतं नेलं, बाकी काही नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. "पाणी आल्तं," त्या म्हणाल्या.

"कळलं."

"ओटी तशीच राह्यली. तुला पगार कशाचा देतेत रे?"

सोमेश्वर खुलासा लिहीत होते. अचूक ठरलेला अंदाज कोणत्या अधिकारात मागे घेतला, असं वरून विचारलं होतं. उत्तराचा रकाना लहान होता.

पंधरवड्यानं डोंगरावर पुन्हा ढग दाटले आणि रेघ हलू लागली. इशारा पाठवायच्या आधी त्यांनी आईला फोन केला.

"आई, खरं सांगतो, आज पुलाकडं जाऊ नको."

"पाणी येणारे का न्हाई, तेवढं बोल."

येणार म्हणावं तर राहिलेली ओटी घेऊन त्या निघणार. "न्हाई," सोमेश्वर म्हणाले.

"मंग येतंय," उषाबाई म्हणाल्या. "गावात आता सगळ्यांना म्हाईत झालंय. तू न्हाई म्हणला की येतं. बायका तयारच हायेत." आणि फोन ठेवला.

आकांक्षा कळफलकावर बोट ठेवून बसल्या होत्या. "सर, काय पाठवू?"

"खरं आहे ते पाठवा," सोमेश्वर म्हणाले. "आणि गाडी काढायला सांगा."

"कुठं निघालात?"

"पुलाच्या अलीकडं. रस्त्यात आडवा बसतो. आई मला ओलांडून जायची न्हाई."

त्यांनी छत्री घेतली. जिन्यावरून उतरताना त्यांनी मनातल्या मनात अंदाज केला: भोकरदनपर्यंत रस्ता खराब, पुढं चिखल, आणि नदी यायला साधारण तेवढाच वेळ. ते शेवटच्या पायऱ्या जवळजवळ धावतच उतरले.