आवाजाच्या फाइलमधल्या आठ ओळी

दोन वर्षांपूर्वी भांडुपच्या एका कारखान्यात धम्मपालचा डावा हात प्रेसखाली आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. आता तो तिथेच स्टोअरमध्ये बसतो. मी त्याची बहीण, त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासणीचं काम करते. नाहूरच्या आमच्या दोन खोल्यांत संध्याकाळी दोनच गोष्टी चालू असतात, आईची मालिका आणि धम्मूचा गेम.

गेम नेमबाजीचा आहे, पाचजणांविरुद्ध पाचजण. त्यात गोळी सरळ जायची तर पाय थांबलेले हवेत. डावीकडे पळायला ए, उजवीकडे डी. थांबायचं तर दाबलेलं बटण सोडायचं आणि उलट दिशेचं क्षणभर टेकवायचं. दोन्ही एका वेळी दाबलेली राहिली तर पाय नीट थांबत नाहीत आणि गोळी भरकटते. धम्मूचं मधलं बोट शेजारच्या व्रणामुळे आखडलेलं आहे. ते ए वरून वेळेवर उचललं जात नव्हतं.

या गेममध्ये एस्केपच्या खालचं बटण दाबलं की कन्सोल उघडतो. कन्सोल म्हणजे एक काळी खिडकी. तिथे आज्ञा टाइप केली की गेम तसा वागतो. नेमाच्या खुणेचा रंग, माउसचा वेग, पावलांचा आवाज, कुठलं बटण दाबल्यावर काय घडावं (त्याला बटण बांधणं म्हणतात), सगळं तिथून बदलता येतं. धम्मूला त्याचा कंटाळा होता, मला ते आवडायचं. आकडा बदला, फरक बघा, पटत नसेल तर परत बदला. अशा आज्ञांच्या त्याच्या सगळ्या फाइली मीच लिहिल्या. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

मे महिन्यात मी त्याच्या बोटांचं फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं आणि उशीर मोजला. सरासरी एक दशांश सेकंद. चार आठवडे, आठवड्याला चाळीस नोंदी. आलेख काढला तर रेषा सपाट होती. तो रोज दीड तास सराव करत होता आणि रेषा सपाट होती. मी त्याला आलेख दाखवला नाही. अठरा जूनला तो कामावर असताना मी आठ ओळी लिहिल्या. ए आणि डी एकत्र दाबले गेले तर नंतरचं बटण चालेल, आधीचं आपोआप सुटेल, इतकंच त्या ओळी करत होत्या. त्या मी आवाजाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये घातल्या, कारण ती फाइल तो कधीच उघडणार नव्हता.

त्या संध्याकाळी तो खेळला आणि खुर्ची मागे सारून म्हणाला, "ताई, आज जमतंय गं."

"छान," मी म्हणाले.

प्रयोगशाळेत एखादा आकडा चुकला तर खोडरबर वापरायचा नाही, असा नियम आहे. एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. अकरा वर्षांत मी तो नियम मोडलेला नाही.

ऑक्टोबरमध्ये मुलुंडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये स्पर्धा ठरली. धम्मूच्या टीमचा कॅप्टन शेर्विन, मुलुंडच्या गावठाणातला. त्याने सगळ्यांना नियमांचं पत्रक पाठवलं. तिसऱ्या पानावर सहावा मुद्दा होता: थांबण्यासाठी किंवा नेमासाठी बटणांवर कोणतीही स्वयंचलित आज्ञा चालणार नाही. मी तो दोनदा वाचला. तेव्हा सांगता आलं असतं. पण तोपर्यंत धम्मू रोज जेवताना आईपुढे हात धरायचा आणि मधलं बोट वरखाली करून दाखवायचा. आई खालच्या मजल्यावरच्या बायकांना सांगून आली होती की गेममुळे मुलाचा हात सुधारला. इतक्या बारकाईने कोण बघतंय, असं मी स्वतःला सांगितलं.

रविवारी सकाळी अकराला पहिला सामना झाला आणि ते जिंकले. दुसऱ्यातही पुढे होते. मध्यांतरात समोरच्या टीमने तक्रार केली की धम्मूचे पाय फारच नेमके थांबतात. पंच गंधाली नावाची इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी होती. ती त्याच्या खुर्चीशी आली. मी मागेच उभी होते.

"तुझी बटणं चेक करायची आहेत."

धम्मूने डावा हात वर केला. "तीन बोटांवर आरोप? लेखी दे ना, फ्रेम करून घरी लावतो."

बाकीचे हसले. गंधालीही हसली. तिने काळी खिडकी उघडली आणि ए हे बटण कशाला बांधलंय ते विचारणारी आज्ञा टाइप केली. तिथे डावीकडे जाण्याचा साधा शब्द यायला हवा होता. त्याऐवजी माझ्या आठ ओळींना मी दिलेलं नाव आलं. तिने फाइली शोधल्या, एकेक उघडली आणि तिसरीवर थांबली.

"आवाजाच्या फाइलमध्ये चालायची बटणं कशाला?"

"माझ्याकडे तसलं काही नाही," धम्मू म्हणाला. मग मागे वळला. "ताई, सांग ना हिला."

शेर्विन बघत होता. समोरची टीम उठून आली होती. धम्मूच्या चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती. मला ठाऊक असतं आणि मी सांगते, याची त्याला सवय होती.

"जुन्या फाइलमधून आलं असेल," मी म्हणाले. "नेटवरून घेतली होती."

दोन वाक्यं, दोन्ही खोटी.

गंधालीने त्या ओळी काढल्या. झालेले राउंड समोरच्यांना दिले आणि पुढचे साध्या बटणांवर खेळायला सांगितलं.

पहिल्याच राउंडला धम्मू कोपऱ्यातून बाहेर आला, गोळी भिंतीत गेली आणि तो मेला. दुसऱ्यालाही तसंच झालं.

"भाई, आधी थांब, मग मार," शेर्विन म्हणाला.

"थांबतोय रे."

"कुठे थांबतोयस? घसरतोयस नुसता."

मी त्याच्या बोटांकडे बघत होते. मधलं बोट ए वरून उठतच नव्हतं. मे महिन्यात ते उशिरा का होईना, उठत होतं. चार महिने त्याला उठायची गरजच पडली नव्हती. जेवताना ताटावर जे हलायचं ते वेगळं होतं. बटणावर ते पडूनच राहायला शिकलं होतं. मी काय केलं होतं ते मला तेव्हा पहिल्यांदा पूर्ण कळलं.

मागून कोणीतरी बोललं, "म्हणजे आतापर्यंत कॉम्प्युटरच खेळत होता." धम्मूने मान वळवली नाही. ते हरले.

बाहेर चपलांच्या रॅकपाशी त्याने मला गाठलं.

"नेटवरून घेतली होतीस?"

"नाही. मी लिहिली. अठरा जूनला."

त्याने चपलेत पाय घातला, परत काढला. "मला का नाही सांगितलंस?"

"तू काढायला लावलं असतंस."

"हो, लावलं असतं." त्याने चप्पल पायाने जवळ ओढली. "मी रोज आईला बोट दाखवायचो. तू तिथेच बसलेली असायचीस ना?"

"हो."

"आणि छान म्हणायचीस."

त्याने हॉलच्या दाराकडे बोट केलं. "आतले सगळे समजतायत मी चोर आहे."

मी आत गेले. गंधाली गुण लिहीत होती, शेर्विन तिच्या टेबलाशी होता. मी सांगितलं की फाइल माझी, ओळी माझ्या, मघाशी बोलले ते खोटं आणि धम्मपालला यातलं काही माहीत नव्हतं. हॉलमध्ये पंचवीस-तीस जण असतील. मी मोठ्याने बोलायला गेले, पण आवाज नेहमीइतकाच निघाला, म्हणून दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

"फॉर्मवर सही त्याची आहे," गंधाली म्हणाली. "या सीझनपुरता तो बाद. नियम तोच आहे, मॅडम."

शेर्विन माझ्याकडे बघून म्हणाला, "हे मघाशी बोलायचं ना, तेजल. तो खेळताना आम्ही काय काय बोललो त्याला."

घरी आईने दार उघडलं. "जिंकलात?"

"नाही."

"बोट दुखलं का रे?"

"बोट उचलत नाही अजून," धम्मू म्हणाला आणि आत गेला.

"परवापर्यंत तर उचलत होतं," आई मला म्हणाली. मी तिला सांगितलं. कन्सोल, आज्ञा असले शब्द वगळून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे सुधारलं नव्हतंच?"

"नव्हतं."

"आणि तुला माहीत होतं."

ती ओट्याकडे वळली आणि तिने कुकर लावला.

आत धम्मूने गेम उघडला होता. माझी चाहूल लागली तरी त्याने वळून पाहिलं नाही.

"सगळं पुसायची कमांड काय आहे?"

"कुठलं सगळं?"

"तू केलेलं."

मी एकेक अक्षर सांगितलं. त्याने उजव्या हाताच्या एका बोटाने ते टाइप केलं आणि एंटर दाबलं. एकही बटण कशालाच बांधलेलं राहिलं नाही. नेमाची खूण, माउसचा वेग, त्याला सोयीचं म्हणून मी महिनोन्महिने जुळवलेलं सगळं त्याने मग स्वतःच मूळ आकड्यांवर नेलं. फोनवर कुठली तरी यादी उघडली आणि एकेक बटण बांधायला घेतलं.

ए बांधताना खिडकीत उत्तर आलं की अशी आज्ञा नाही. त्याने फोन पाहिला, पडदा पाहिला, पुन्हा टाइप केलं. दोन अक्षरं उलटसुलट झाली होती. मला दारातूनही ते दिसत होतं.

आई पदराला हात पुसत आली. "अगं, त्याला सांग की काय चुकतंय ते."

"त्याने विचारलं नाही," मी म्हणाले.

चौथ्या वेळी त्याला चूक सापडली. मग त्याने डी बांधायला घेतलं.