प्रेसवरचा अबोला

वहिनीच्या कानाखाली मी आवाज काढला तो सकाळीच, आणि माझी भुवई फुटली ती लगेच त्यानंतर. तिने हाताला आलं ते चाक फेकून मारलं. चाक म्हणजे सायकलच्या पॅडलजवळचं दातेरी चाक, ज्यावर साखळी चढते. आमच्या कारखान्यात आम्ही दुसरं काही बनवतच नाही. दादा मालक, वहिनी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणार, दाते मी कापणार.

भांडण कशावरून? नव्या चाकात एक दाता जाड, एक बारीक असा क्रम होता. साखळीची रुंद कडी जाड दात्यावर बसते, अरुंद कडी बारीक दात्यावर, म्हणजे खड्ड्यातही साखळी उडत नाही. आता अशा चाकाला दात्यांची संख्या समच हवी, हे शेंबडं पोरही सांगेल. बाईसाहेबांनी काढले एकोणचाळीस! दोन जाड दाते शेजारीशेजारी आले, आणि मीही आंधळ्यासारखी सगळा माल तसाच कापून मोकळी झाले.

"ड्रॉइंग काढताना डोळे फुटले होते का तुझे?"

"आणि कापताना तुझी अक्कल कुठे चरायला गेली होती?"

मग हात, मग चाक. दादाने दोघींना दंडाला धरून वेगळं केलं तेव्हा मी शपथच घेतली, जीभ झडली तरी हिच्याशी बोलणार नाही. ती म्हणाली, "बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला."

माल भंगारात गेला. गिऱ्हाईक दारात बसलेलं. नव्या चाकांसाठी पत्र्याच्या तबकड्या कापायला दादाने आम्हा दोघींनाच प्रेसवर उभं केलं. प्रेसला बटणं दोन. दोन्हींवर तळहात एकदम पडल्याशिवाय ठोका पडत नाही. त्याने दाबणाऱ्याचे हात वाचतात. पत्रा आत सरकवणाऱ्याचे हात वाचवते ती फक्त त्याच्या तोंडची हाक, "सोड!", म्हणजे हात बाहेर आहेत, ठोका पाड. म्हणून अबोला धरलेली जोडी प्रेसवर लावायची नाही, हा दादाचाच नियम. त्या दिवशी तोच ओरडला, "गळे नंतर धरा, आधी काम!"

मी पत्रा सरकवून एक पाऊल मागे व्हायचे, ती बघायची, मग दाबायची. हाक नाही. ठोका पडला की जमीन हादरायची आणि भुवईत कळ उठायची. हिचं डोकंच एकदा आत घालावं, असं मला प्रत्येक ठोक्याला वाटत होतं.

एक तबकडी साच्यात तिरकी अडकली. उचकटायला हात घातला आणि हातमोज्याची बोटं तिच्याखाली चिमटली. ओढलं, निघेना. "थांब, अडकलेय," एवढंच म्हणायचं होतं. मेले तरी म्हणणार नव्हते! वहिनीने बटणांवरचे हात उचलले आणि माझ्याकडे बघत राहिली.

मागून दादा आला. त्याला माझी फक्त पाठ दिसत होती, आणि रिकामी उभी असलेली बायको. "हात मोडलेत का?" म्हणत त्याने तिला बाजूला लोटलं आणि एक तळहात बटणावर टेकवला. दुसरा उचलला.

सांगत बसायला वेळ नव्हता. वहिनीने भंगारातलं चाक घेतलं आणि त्या हाताच्या मनगटावर दात्यांकडून घातलं. हाड मोडलेलं मला प्रेसच्या घरघरीतही ऐकू आलं. दादा गुरासारखा ओरडला. दुसऱ्या हाताने त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला, आणि ती पडल्यावर लाथ घातली. मी जीव खाऊन हात हिसडला. मोजा आत राहिला, बोटांची सालटी त्याच्याबरोबर गेली. दादावर तुटून पडले, केस धरून त्याचं तोंड प्रेसकडे वळवलं.

"बघ! आत काय आहे ते बघ!"

साच्यात माझा मोजा होता. दादा मटकन खाली बसला आणि रडायलाच लागला. "मग बोलली का नाहीस गं? एक शब्द तरी!"

वहिनी रक्त थुंकली, रांगत माझ्याजवळ आली. माझं एकेक सोललेलं बोट तिने वाकवून बघितलं. सगळी होती. मग तिने माझी हनुवटी करकचून धरली.

"शिव्या दे, मार, काय वाटेल ते कर," ती म्हणाली, "पण बोल, भवाने!"

मी तोंड उघडलं, तर आधी नुसतं रडूच आलं. मग म्हटलं, "वहिनी, खूप लागलंय का गं?"