तिपाईवरचा पेला

काळं बटण, बोरापेक्षा जरासं मोठं, कडेला अंगठ्यांनी घासून पांढरं पडलेलं – आणि ते दाबलं गेलं तेव्हा यंत्रापाशी बसलेल्या त्याने आवाज सोडलेलाच नव्हता. काचेपलीकडच्या बंद खोलीत निवृत्त मास्तर कानांवर हेडफोन चढवून, डोळे मिटून बसले होते आणि इकडे त्याच्या यंत्रावर हिरवा दिवा लागत होता. पुन्हा लागला. आवाज नाही आणि दिवा लागतोय... कान तपासायच्या या नोकरीत हे रोजचंच. भ्यालेली माणसं असंच करतात. आपल्याला कमी ऐकू येतं हे कागदावर यायला नको म्हणून जिथे काही नाही तिथेही ऐकतात. एरवी त्याने हसत सांगितलं असतं, काका, आवाज आला तरच दाबा. आज तो नुसता दिव्याकडे बघत राहिला, कारण काल संध्याकाळपासून त्याच्याही डोक्यात असाच एक दिवा लागत होता आणि आवाज खरंच झाला होता की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं.

नाही, झाला होता. सतरा वर्षं लोकांचे कान तपासतो मी. बायकोचं हसणं मला कळणार नाही?

काल सात वाजता सरकारी रेडिओवर, लोकगीतांच्या त्याच्या लाडक्या कार्यक्रमात, चौदा वर्षांपूर्वीची ती मैफल लागली होती. ती म्हणजे तीच. सगळे शौकीन जिला पाचव्या कडव्याची संध्याकाळ म्हणतात. गाणारी मावशी – तिला सगळे मावशीच म्हणत – नावाड्यांचं सात कडव्यांचं गाणं गात होती, आणि पाचव्याशी येऊन थांबली. विसरली. मग शांतपणे म्हणाली, ‘‘पाचवं घरीच राहिलं बघा. चुलीवर ठेवून आले वाटतं.’’ सगळं सभागृह हसलं. त्यानंतर मावशी कुठे गायली नाही, वर्षभरात गेलीच. त्यामुळे त्या संध्याकाळी तिथे असणं ही शौकिनांमध्ये मोठी मिरवायची गोष्ट झाली. मूळ फीत रेडिओवाल्यांनी हरवली होती, ती आता कुठल्याशा कपाटामागे सापडली. तो मोबाइलवर ध्वनिमुद्रण करत, श्वास रोखून ऐकत होता. मावशी थांबली. चुलीचं बोलली. आणि सगळं सभागृह हसायच्या अर्धा क्षण आधी एकच बाई हसली – मोकळी, वर चढत जाणारी, आणि शेवटी श्वास आत ओढताना उचकीसारखा बारीक झटका. तो झटका तो बारा वर्षं ओळखतो. आणि तिच्या मागोमाग, अगदी तिच्या खांद्याजवळून, एक पुरुष हसला.

चौदा वर्षांपूर्वी हीच मैफल रेडिओवर एकदा लागली तेव्हाही त्याने ती ऐकली होती. पण तेव्हा ती हसणारी त्याची कोणीच नव्हती. तेव्हा ते नुसतं कुणाचं तरी हसणं होतं.

‘तुझ्याआधी मी असल्या मैफलींना कधी गेलेच नाही,’ असं ती म्हणते. पाहुण्यांसमोर म्हणते, आणि तो दर वेळी फुलतो. लोकगीतं त्याने तिला दाखवली, कोणतं गाणं पेरणीचं आणि कोणतं पाळण्याचं हे त्याने शिकवलं. दुसऱ्या कुणाला दाखवण्यासारखं त्याच्याकडे होतं तरी काय? आणि हे ऐकवताना, ओळख नवी असताना, एका बागेतल्या बाकावर, त्याने तिला पाचव्या कडव्याची संध्याकाळही सांगितली होती. तिसऱ्या रांगेतून पाहिलेली. मावशी बुटक्या तिपाईवर बसली होती, विसरली तेव्हा तिने हात गालाला लावला, मग हसली...

तो तिथे नव्हताच.

तो घरी होता. त्या संध्याकाळी टीव्हीवर यानाच्या मालिकेचा शेवटचा भाग होता – ते यान पृथ्वीपासून दूर जात राहतं आणि वाटेत पृथ्वीचेच जुने रेडिओ कार्यक्रम त्याला ऐकू येतात, जितकं दूर तितके जुने. सहा वर्षं त्याने एक भाग चुकवला नव्हता. तिकीट खिशात होतं, बूटसुद्धा घातले होते, आणि मग वाटलं, मैफल काय, पुढच्या आठवड्यात रेडिओवर लागणारच आहे! शेवटचा भाग तर अगदीच टुकार निघाला. बूट पायात तसेच ठेवून त्याने तो बघितला. हे त्याने जन्मात कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणजे आता विचारायचं कसं? तू तिथे होतीस का, हे विचारायला आधी मी तिथे नव्हतो हे सांगावं लागतं. ती तिथे असेल, तर त्या बाकावरच तिला कळलं असणार, हा माणूस थापा मारतोय. आणि तरी ती गप्प बसली. का? माझी कीव आली म्हणून – की तिने तिसऱ्या रांगेवरून टोकलं तर मी उलट विचारेन, तुझ्याबरोबर कोण होतं म्हणेन, म्हणून?

आणि त्यावर कडी म्हणजे कालचा निवेदक. मैफल संपल्यावर तो म्हणाला, त्या दिवशी मावशींचे गुडघे दुखत होते, बसलं तर उठता यायचं नाही म्हणून त्या अडीच तास उभ्या राहूनच गायल्या. स्वयंपाकघरात नळ चालू होता. तो त्याच क्षणी बंद झाला. थोड्या वेळाने नळ पुन्हा सुरू झाला.

मास्तर बाहेर आले. त्यांच्याबरोबर आलेली सूनबाई आलेखावर वाकली. त्याने हळूच सांगितलं की वरच्या पट्टीतलं बरंच गेलंय, पण काळजी नको, यंत्र लावलं की भागेल. आणि मास्तरांना म्हणाला, आवाज नसतानाही तुम्ही बटण दाबत होता. मास्तर मुळीच ओशाळले नाहीत.

‘‘आला नव्हता, ठाऊक आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण आता येईल असं वाटलं. मग म्हटलं, आपण कशाला मागे राहायचं.’’

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तो स्वतःच त्या खोलीत जाऊन बसला. दार लावलं की आत काहीच नसतं, फक्त आपलं रक्त. हेडफोन मोबाइलला जोडून त्याने तेवढा तुकडा लावला. चुलीवर ठेवून आले वाटतं. ती. मग तो. पुन्हा लावला. अकराव्या वेळी त्याला पक्कं कळलं की तो पुरुष मावशीच्या बोलण्याला हसलेला नाही, तो तिच्या हसण्याला हसला आहे; आणि हे इतकं झोंबलं की त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. कोण होता? तिच्या जुन्या कचेरीतला तो लंबू असेल... लग्नात येऊन गुडघ्यात वाकून फोटोत मावलेला, स्वयंपाकघरातला छोटा रेडिओ आहेर म्हणून देणारा. रेडिओच का दिला त्याने? भांडी मिळत नव्हती दुकानात? बारा वर्षं मी त्याच रेडिओच्या खुंट्या फिरवतोय.

आणि खरं सांगायचं तर – या खोलीत तरी खरं सांगावं – मला जळवतोय तो लंबू, की ती? ती तिथे होती. मावशीला तिने डोळ्यांनी पाहिलं. जे माझं होतं, माझ्या खिशातल्या तिकिटाचं होतं, ते तिला आयतं मिळालं आणि तिने ते कधी मिरवलंसुद्धा नाही. मी असतो तर गावभर केलं असतं. मी नव्हतो तरी केलं. त्या यानात बसून गेलं, चौदा प्रकाशवर्षं दूर, तर ते दोघं आत्ता तिथे हसताना ऐकू येतील, पहिल्यांदाच हसल्यासारखे, आणि त्या हसण्यात मी कुठेच नाही. मी घरी आहे, बूट घालून.

घरी आला तेव्हा ती कांदा चिरत होती. चेहरा नेहमीचाच. त्याने तिच्याकडे चोरून, मास्तरांच्या आलेखाकडे बघावं तसं बघितलं. कुठे रेघ खाली गेली आहे का? काही दिसेना. आज यानाची मालिका चौदा वर्षांनी नव्याने सुरू होणार होती, आठ वाजता. ताटं घेऊनच दोघं टीव्हीसमोर बसली. जाहिराती चालू होत्या. बोलून टाकावं, त्याने ठरवलं. मी नव्हतो तिथे – तीन-चारच तर शब्द. आणि त्याने पुढचा घास घेतला.

‘‘काल तुझी ती मैफल लागली होती ना,’’ टीव्हीकडे बघतच ती म्हणाली. ‘‘मावशी उभ्या होत्या म्हणे.’’

‘‘असतील. मला आपलं तिपाईवर...’’

‘‘तिपाई होती की,’’ ती म्हणाली. ‘‘तिपाईवर पाण्याचा पेला होता. इतक्या वर्षांनी तुझा घोळ झाला असेल.’’ आणि तिने त्याच्या ताटात भाजी वाढली.

पेला. पेल्याबद्दल तो कधीच काही बोलला नव्हता. निवेदकही बोलला नव्हता. म्हणजे पेला खरा असेल तर ती तिथे होती, शेजारी कुणीतरी होतं, आणि बाकावरच्या त्या पहिल्या थापेपासून तिला सगळं माहीत आहे. आणि खरा नसेल, तर तिने तो आत्ता, भाजी वाढता वाढता, माझ्यासाठी तिपाईवर आणून ठेवला. मी पडू नये म्हणून. विचारलं की माझी थाप किंवा तिचा पेला, दोन्हींपैकी एक फुटणार. पेला खोटा असावा, असं त्याला इतकं मनापासून वाटलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. खोटा असेल तर तो लंबूचा नाही, मावशीचा नाही, माझा आहे.

यान सुरू झालं. म्हातारं झालेलं ते यान, तोच भांडखोर संगणक, आणि पहिल्याच वाक्याला त्याने कप्तानाला टोमणा मारला. ती हसली – मोकळी, वर चढत, आणि शेवटी तो बारीक झटका. टोमणा त्याने धड ऐकलाच नव्हता. पण अर्धा क्षण उशिरा, तिच्या खांद्याजवळून, तोही हसला, आणि ते हसणं त्याला ओळखीचं वाटलं. दुपारी अकरा वेळा ऐकलेलं.

‘‘काय झालं?’’ तिने विचारलं.

‘‘काही नाही,’’ तो म्हणाला. ‘‘आवाज जरा वाढव.’’