फर्निचर

तारवाले डॉक्टर आणि चिमटेवाले डॉक्टर हे एकमेकांचे साडू. दवाखाना एक, खोल्या दोन. डावीकडे थोरले साडू वाकडे दात तारेने सरळ करत. महिन्यातून एकदा तार किंचित आवळायची. आपण हललो हे दाताला कळूही द्यायचं नाही. उजवीकडे धाकटे साडू दात उपटत. तिथून आधी किंकाळी येई, मग शिट्टी. शिट्टी डॉक्टरांची.

बुद्धिबळही दोघं असंच खेळत. जेवणाच्या सुट्टीत पेशंटांच्या बाकांमध्ये पट मांडला जाई. चिमटेवाले घोडा फेकत, हत्ती फेकत, शहावर शह देत आणि दोन मोहरी कमी असताना मात करून मोकळे होत. तारवाले एक प्यादं एक घर सरकवून चष्मा पुसत.

गेल्या वर्षी चिमटेवाल्यांनी भर पेशंटांत वजीर फुकट दिला, तिसऱ्या चालीला मात केली आणि वर म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही खेळत नाही हो, फर्निचर लावता!" अर्धं तोंड बधिर झालेला एक पेशंट उरलेल्या अर्ध्याने हसला. तारवाल्यांचं नाव फर्निचर पडलं. रिसेप्शनवरच्या बाई पाठीमागे म्हणत, मेहुणी तोंडावर म्हणे. एकदा तर खुद्द बायको बहिणीला फोनवर बोलून गेली, "फर्निचर अजून घरी यायचंय."

तारवाल्यांनी दात धरला. दंतवैद्यानेच धरलेला तो; सुटणार कसा? नुसता डाव त्यांना नको होता, डाव ते अधूनमधून जिंकतच. त्यांना साडू चारचौघांत गुदमरलेले बघायचे होते.

परवा बाकं भरलेली होती. तारवाल्यांनी सुरुवातीलाच प्यादी अशी अडकवली की चिमटेवाल्यांचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला. मग घोडा आणून पटाच्या मध्यावर बसवला. त्याला हुसकायला साडूंकडे प्यादं उरलं नव्हतं.

"अहो, जरा मारामारी तरी करा!" चिमटेवाले म्हणाले.

"करू की. घाई काय आहे?"

"आत पेशंट बसलाय माझा."

"त्याचा दात कुठे पळून जातोय?"

हळूहळू चिमटेवाल्यांचा हत्ती कोपऱ्यात गेला, राजा त्याच्या बगलेत, वजीर दोघांच्या पायात. शिट्टी बंद पडली.

आणि नेमकं तेव्हा तारवाल्यांना ते दिसलं. वजीर द्यायचा की दोन चालींत मात! हात वजिरावर तरंगला. मग त्यांच्या डोळ्यांसमोर साडू उभे राहिले, पाठीवर थाप मारून म्हणतायत, "शाबास! शिकलात शेवटी माझ्याकडून!" हात मागे आला. त्यांनी कडेचं प्यादं एक घर सरकवलं.

"अहो, मात होती!" चिमटेवाले जवळजवळ ओरडले. "वजीर द्यायचा होता!"

"दिसली होती."

"मग?"

"तुमच्या पद्धतीची होती. चाल तुमची."

चिमटेवाले पटावर वाकले. हत्ती हलवावा तर उंट जातो, उंट हलवावा तर वजीर, राजाला तर घरच नाही.

"मी ही चाल सोडतो," ते पुटपुटले.

"सोडता येत नाही."

"मग हरलो म्हणा!" त्यांनी राजा आडवा केला. तारवाल्यांनी तो दोन बोटांनी अलगद उचलून पुन्हा उभा केला.

"असं कसं? पेशंट अर्ध्यावर उठला तर तुम्ही सोडता का?"

बाकं हसली. रिसेप्शनवरच्या बाई खुर्ची सोडून पटाशी आल्या. आता उठणं म्हणजे पळणंच. चिमटेवाले खेळले. उंट गेला. मग वजीर गेला. मग घोडा. तारवाले एकेक मोहरं उपटत होते, भूल न देता, आणि प्रत्येकानंतर हलकेच शिट्टी वाजवत होते. शेवटी एका प्याद्याने मात केली.

"फर्निचर मी लावतो, कबूल," चष्मा पुसत तारवाले म्हणाले. "पण साडूभाऊ, त्या कोपऱ्यातली अडगळ कुणाची?"

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा बातमी त्यांच्याआधीच पोचली होती आणि बायको फोनवर बहिणीला विचारत होती,

"काय गं, अडगळ आली का घरी?"

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"हो, फर्निचर आत्ताच आलं," बायको म्हणाली. "आज शिट्टी वाजवतंय."